दादाच्या गोळीला घाबरू नकोस, तिला ओळखून घे

आधी तो फोन पालथा ठेव आणि मी सांगते ते शांतपणे ऐक. अँटीसायकोटिक, म्हणजे मनोविकारावरची, औषधं पेशींच्या पटलात शिरतात आणि त्याची ठेवण बदलतात, असं तू कुठंतरी वाचलंस. तेव्हापासून दादाला रात्रीची ओलान्झापिन देताना तुझा हात अडखळतोय. काल तर गोळी अर्धी करून द्यावी असंही तुझ्या मनात आलं. बरं झालं, तसं करण्याआधी विचारलंस.

खरं सांगू का, तू वाचलंस ते खोटं नाही. ही औषधं पेशीपटलात शिरतात, अगदी खरंच शिरतात. पण त्या एका वाक्यापुढं जे सांगायला हवं होतं ते कुणी तुला सांगितलं नाही. औषधशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि घरात नणंदेची गोळ्यांची डबीही मीच भरते. त्यामुळे पुस्तकातलं आणि घरातलं, दोन्ही मला ठाऊक आहे. आता जरा बारकाईनं सांगते. तुला समजेल. बारावीला जीवशास्त्र होतं ना तुला?

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. त्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त आवरणं एकावर एक मावतील, इतकं ते पातळ. ते बनतं मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि त्याच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. म्हणून हे रेणू दोन थर करून उभे राहतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधे, पाण्यापासून लपलेल्या. त्यांच्यात कोलेस्टेरॉल असतं, आणि जागोजागी मोठमोठी प्रथिनं रोवलेली असतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की हे पटल कडक आणि स्थिर नसतं, त्यातले रेणू सतत सरकत असतात. तेव्हा त्यात एखादा परका रेणू येऊन बसला की पटल तडकतं, असं काही नसतं बघ.

आता औषधाकडे वळू. या गटातलं सगळ्यात जुनं आणि पटलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं औषध म्हणजे क्लोरप्रोमाझिन. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या रोन-पूलँक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी ते बनवलं. आंरी लाबोरी नावाच्या शल्यविशारदानं आधी ते भूल देताना वापरून पाहिलं, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. त्याच्या आधी मनोविकारांवर उपाय म्हणून काय काय केलं जायचं ते आज वाचवत नाही. दादाची ओलान्झापिन ही त्याच्या कितीतरी नंतरची, पण रेणूचा मूळ स्वभाव तोच.

स्वभाव कसा, तर अर्धा तेलाचा आणि अर्धा पाण्याचा. क्लोरप्रोमाझिनच्या एका बाजूला एकमेकांना जोडलेली तीन कडी आहेत, ती तेलात रमतात. दुसऱ्या टोकाला एक नायट्रोजन आहे, तो रक्तात गेला की धनभार घेतो आणि पाण्याकडे ओढ घेतो. अशा रेणूला नुसत्या पाण्यातही बरं वाटत नाही आणि नुसत्या तेलातही नाही. पाणी आणि तेल जिथं भेटतं तिथं त्याचं बस्तान बसतं, आणि शरीरात अशी जागा म्हणजे पेशीपटल. शिवाय बघ, हाच स्वभाव नसता तर औषधाचा काही उपयोग नव्हता. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक रसायनं आत जाऊ शकत नाहीत. जी स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यांना त्या पेशींच्या पटलांमधूनच पलीकडे जाता येतं. म्हणजे ज्या गुणाची तुला भीती वाटते, त्याच गुणामुळे गोळी दादाच्या मेंदूपर्यंत पोचते.

आता तू वाचलेलं ते ‘पटलाची ठेवण बदलते’ प्रकरण घेऊ. हे आलं मुळात तांबड्या रक्तपेशींवरच्या प्रयोगांतून. तांबडी पेशी ही अभ्यासाला फार सोयीची. तिला केंद्रक नसतं, आत फारसा पसारा नसतो, त्यामुळे तिच्या पटलाला काही झालं की ते तिच्या आकारात लगेच दिसतं. आम्ही प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हे दाखवायचो. काचपट्टीवर सलाइनमध्ये पातळ केलेल्या रक्ताचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी गोल, चपट्या, दोन्ही बाजूंनी मधे दबलेल्या दिसतात. कडेनं क्लोरप्रोमाझिनचं द्रावण सोडायचं. बघता बघता एकेक पेशी एका बाजूनं खोलगट होत जाते आणि वाटीसारखी दिसायला लागते. पोरं डोळा हटवायला तयार नसायची. मग औषध धुऊन काढलं की त्याच पेशी पुन्हा चपट्या होतात. हे दुसरं दृश्य माझ्या लेखी पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, आणि नेमकं तेच तू वाचलेल्या मजकुरात नव्हतं.

असं का होतं, ते १९७४ मध्ये मायकेल शीट्झ आणि जोनाथन सिंगर यांनी सांगितलं. पटलाच्या दोन थरांमध्ये फरक असतो. आतल्या थरात ऋणभार असलेले फॉस्फोलिपिड जास्त असतात. क्लोरप्रोमाझिनचा जो थोडा हिस्सा भाराशिवाय असतो तो पटल ओलांडून आत येतो, तिथं धनभार घेतो आणि ऋणभाराच्या ओढीनं आतल्याच थरात रेंगाळतो. त्यामुळे आतला थर पसरतो, बाहेरचा होता तेवढाच राहतो. तू ब्लाउज शिवतेस, तुला हे चटकन कळेल. अस्तर आणि कापड एकत्र शिवलेलं असताना धुण्यात कापड आटलं आणि अस्तर नाही, तर कड कशी बाहेरच्या बाजूला वळते? तसंच. कापड फाटलेलं नसतं, शिवण उसवलेली नसते, दोन थरांची मापं जुळत नाहीत एवढंच. उलट जातीची, म्हणजे ऋणभाराची औषधं बाहेरच्या थरात बसतात आणि मग पेशीला काट्यांसारखे उंचवटे येतात. दोन्ही प्रकारची औषधं योग्य प्रमाणात एकत्र घातली तर पेशीचा आकार मूळचाच राहतो. इतका साधा हिशोब आहे तो.

हं, औषधाचं प्रमाण फारच वाढवलं तर पेशी फुटतात, हेही खरं. तुझ्यापासून मी काही लपवणार नाही. पण हे प्रयोग काचपट्टीवरचे, आणि तिथं घातलेलं औषध माणसाच्या रक्तात मोकळं फिरणाऱ्या औषधाच्या कैक पट असतं. गोळी घेतल्यावर रक्तात जे औषध येतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतं. ओलान्झापिनचंही तसंच. पटलांच्या वाट्याला मोकळं औषध अगदी थोडं येतं.

इथं तुला एका माणसाची गोष्ट सांगते, कारण तुझ्या शंकेचं उत्तर शोधण्यात त्यानं उमेदीचा काळ घालवला. फिलिप सीमन, कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातले. या औषधांचं काम पटलातच चालतं असंच त्यांनाही सुरुवातीला वाटायचं. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं पटलात शिरून त्याला किंचित फुगवतात, आणि थोड्या प्रमाणात असली तर तांबड्या पेशींना फुटण्यापासून उलट वाचवतात, हे त्यांनी बारकाईनं मोजलं होतं. १९७२ मध्ये भूल देणारी औषधं आणि मन शांत करणारी औषधं पटलांवर काय करतात याचा त्यांनी मोठा आढावा लिहिला. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. बरं होणाऱ्या रुग्णाच्या शरीरात हे औषध प्रत्यक्ष असतं तरी किती? याच गटातल्या हॅलोपेरिडॉलचं उत्तर आलं एक-दोन नॅनोमोलर. म्हणजे एका लिटर पाण्यात एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढं, किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा औषधानं पटल फुगेल हे शक्य नव्हतं. मग इतक्या कमी प्रमाणातही औषध जिथं घट्ट धरलं जातं, अशी नेमकी जागा मेंदूत असली पाहिजे.

ती जागा त्यांनी शोधली. ब्युटॅक्लामॉल नावाच्या एका औषधाचे दोन प्रकार असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. पटलात दोन्ही सारखेच विरघळतात, पटलाला त्यांच्यातला फरक कळत नाही. पण मनोविकारावर काम एकच करतो, दुसरा काही करत नाही. सीमन यांच्या गटानं मेंदूतली ती जागा पकडली जिला हा फरक कळतो. १९७५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाच डोपामिनचा रिसेप्टर, ज्याला पुढं डी-२ म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि अमेरिकेत सॉलोमन स्नायडर यांच्या गटानं वेगवेगळं दाखवलं की जे औषध या रिसेप्टरला जितकं घट्ट धरतं, त्याचा डोस तितका कमी लागतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे गं. ज्या कल्पनेवर इतकी वर्षं घालवली, ती आकड्यांत बसत नाही म्हटल्यावर माणूस नव्या वाटेनं गेला, म्हणून आज दादाचा डोस ठरवताना डॉक्टरांना दिशा सापडते.

आणि तो रिसेप्टरही पटलातच असतो. त्याची प्रथिनाची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. २०१८ मध्ये रिस्पेरिडोन हे याच गटातलं औषध त्यात बसलेलं असताना त्याची अणूअणूपर्यंतची रचना प्रसिद्ध झाली. तेव्हा पटल बाजूला पडलं असं समजू नकोस, पटल हे त्या कामाची जागा आहे.

आता यातून तुझ्या उपयोगाचं काय ते ऐक. डी-२ रिसेप्टरांपैकी साधारण ६५ टक्के औषधानं व्यापले की बहुतेकांना आराम पडू लागतो, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की हात थरथरणं, अंग आखडणं, चेहरा कोरा होणं हे सुरू होतं. मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात, म्हणून कंप दिसला तर त्यांना लगेच सांगायचं, आणि म्हणूनच तू स्वयंपाकघरातल्या सुरीनं गोळी अर्धी करून हा हिशोब बिघडवायचा नाही. कळलं?

पटलांशी असलेल्या या जवळिकीचे आणखी काही परिणाम आहेत, तेही माहीत असलेले बरे. पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या छोट्या आम्लभरल्या पिशव्या असतात. औषध भाराशिवाय त्यांत शिरतं, आतल्या आम्लात धनभार घेतं, आणि मग बाहेर पडायची वाट बंद होते. त्यामुळे ते तिथं साठत जातं. फार काळ, फार साठलं तर फॉस्फोलिपिडही तिथं थरावर थर साचतात. हे ऐकून दचकू नकोस. मलेरियावरचं क्लोरोक्विन असंच साठतं, हृदयाचे ठोके नीट करणारं अमायोडॅरोनही असंच. हा मनोविकाराच्या औषधांचा काही खास दुर्गुण नाही. पण साठण्याचा एक अर्थ तुला पक्का समजायला हवा. गोळी बंद केली की औषध दुसऱ्या दिवशी शरीरातून जात नाही, चरबीतून आणि पेशींतून सावकाश बाहेर येत राहतं. म्हणून घरात असं होतं की गोळी थांबवली, आठ-पंधरा दिवस माणूस छान दिसतो, उलट सुस्ती कमी झाल्यामुळे ताजातवाना वाटतो. सगळे म्हणतात, बघा, गोळीची गरजच नव्हती. आणि मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आवाज पुन्हा ऐकू यायला लागतात, संशय वाढतो, झोप उडते. तोपर्यंत गोळी थांबवल्याचं कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. ते पहिले चांगले दिवस बघून फसू नकोस. घरातलं कुणी फसत असेल तर त्यांनाही हे सांग.

क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांची कातडी उन्हात लवकर भाजते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीतलं औषध बिथरतं आणि तिथल्या पेशीपटलांना इजा करतं. ज्यांच्या घरी ती गोळी चालू आहे त्यांनी छत्री आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सोडू नये. हृदयाच्या पेशींच्या पटलात पोटॅशियम जाण्याच्या वाटा असतात, काही औषधं त्या अडवतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. थायोरिडाझिन नावाचं औषध याच कारणानं कंपनीनं २००५ मध्ये जगभरातून मागं घेतलं. ओलान्झापिनचा हा धोका कमी आहे. तरी दादाला कधी चक्कर येऊन पडायला झालं किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराचं औषध सुरू झालं, तर ईसीजी काढायचा का हे डॉक्टरांना विचार.

जिभेचंही सांगते. क्लोरप्रोमाझिन कुटून तोंडात घातलं तर जीभ बधिर होते, कारण ते मज्जातंतूंच्या पटलावर भूल देणाऱ्या औषधासारखं काम करतं. हे सांगण्याचं कारण वेगळंच आहे. कितीतरी घरांत गोळी कुटून वरणात नाहीतर चहात कालवतात. मला त्यांचा राग येत नाही, माणसं हतबल होऊन तसं करतात. पण काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळा डोस एकदम पोटात जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे आजारी माणसाला ते एक दिवस कळतं. ज्याला आधीच वाटतंय की कुणीतरी आपल्या जेवणात काहीतरी मिसळतंय, त्याला आपणच खरं ठरवायचं? नको गं. ओलान्झापिनची तोंडात विरघळणारी गोळी मिळते. ती उघडपणे, दादाच्या समोर, दादाला सांगून द्यायची.

रोजच्या गोळीवरून फारच वाद होत असतील तर इंजेक्शनचा मार्ग आहे. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट बघ. औषधाच्या रेणूला दहा कार्बनांचं एक मेदाम्ल जोडतात, म्हणजे ते आणखी तेलकट होतं, आणि मग ते चक्क तिळाच्या तेलात विरघळवून कुल्ल्यावर टोचतात. तिथून ते सावकाश सुटतं आणि रक्तातले एन्झाइम ते मेदाम्ल तोडून मूळ औषध मोकळं करतात. साधारण दर चार आठवड्यांनी एक सुई. तिळाची अॅलर्जी असेल तर मात्र आधी सांगायचं. हे दादाला लागेलच असं नाही, पण असा पर्याय आहे हे माहीत असलं की मनाला आधार वाटतो.

आणि बघ, आता कुणीतरी तुला अळशी आणून देणार आहे. नाहीतर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. सांगतील की हा आजार पटलातल्या फॉस्फोलिपिडांचा आहे, ओमेगा-३ नं पटल दुरुस्त होतं, गोळी सोडा. हे अगदी हवेतलं नाही. डेव्हिड हॉरोबिन नावाच्या शास्त्रज्ञानं तशी कल्पना मांडली होती. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या एका चाचणीत, आजाराचा धोका असलेल्या ८१ तरुणांना बारा आठवडे माशाचं तेल किंवा तसंच दिसणारं निरुपयोगी तेल दिलं, तर माशाचं तेल घेणाऱ्यांत आजार कमी दिसला. सगळ्यांनाच आशा वाटली. मग वेगवेगळ्या देशांत मिळून ३०४ जणांवर तशीच चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि तिच्यात फरक दिसला नाही. तेव्हा अळशीची चटणी कर, बांगडा कर, दादाला आवडतो तर भरपूर कर. जेवण म्हणून कर. गोळीच्या जागी नाही.

आता ओलान्झापिनच्या खऱ्या काळज्यांकडे ये. पटलांची चिंता करत तू रात्र काढतेस आणि दादाचं वजन किती आहे ते तुला सांगता येत नाही, हे मला चालणार नाही. ही गोळी भूक वाढवते. वजन आणि साखर हा तिचा सगळ्यात मोठा त्रास आहे. उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल, कमरेचा घेर, हे सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी, आणि पुढं निदान वर्षातून एकदा. वजन पहिले तीन महिने दर महिन्याला. सुरुवातीच्या आठवड्यांतच वजन झपाट्यानं वाढायला लागलं तर वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांना सांग. त्यावर उपाय असतात, औषध बदलताही येतं. ‘खातोय ना, बरंय’ म्हणून आई तिसऱ्यांदा भात वाढते, त्यात माया आहे हे मला कळतं. तरी आईशी बोल. रात्री भाताऐवजी भाकरी आणि भाजी, आणि जेवणानंतर दोघं मिळून चक्कर. एकटा तो जाणार नाही, तू सोबत जा.

दादा सिगारेट ओढतो ना? धुरातल्या रसायनांमुळे यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं. म्हणून त्यानं सिगारेट एकदम सोडली तर तोच डोस जास्त पडू शकतो आणि दिवसभर गुंगी येते. सोडू दे, जरूर सोडू दे, पण डॉक्टरांना सांगून. मळलेल्या तंबाखूनं हा फरक पडत नाही, कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. तंबाखूचे बाकीचे तोटे तुला सांगायला नकोत.

आणि ज्याला एक दिवसही थांबायचं नाही ते हे. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलण्यात गोंधळ, असं एकत्र दिसलं तर थेट दवाखान्यात, रात्र असो की सण. बाकीचं तितकं तातडीचं नाही, पण लक्षात ठेव: ओठ-जीभ आपोआप हलायला लागली तर पुढच्या भेटीत नक्की सांगायचं. पुढं कधी क्लोझापिन नावाचं औषध सुरू झालं तर पांढऱ्या पेशींच्या रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत, सुरुवातीला १८ आठवडे दर आठवड्याला, आणि घसा दुखून ताप आला की लगेच तपासणी. बसल्या जागी दादाला स्वस्थता नसेल, सारखा येरझारा घालत असेल, तर तो आजार वाढला असं समजून डोस वाढवून मागू नकोस. तो औषधाचाच त्रास असू शकतो. ‘बसवत नाही असं वाटतं का?’ असं त्यालाच विचार. त्याच्या शरीरात काय होतंय ते त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

तुझ्याविषयी बोलायचं राहिलंच. तू नोकरी करतेस, आईचं बघतेस, दादाच्या गोळ्या सांभाळतेस, आणि नातेवाइकांना काय सांगायचं हेही तूच ठरवतेस. इतकं सगळं एकटीनं उचलायचं नसतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये सुरू झालेली. अशाच घरांतली माणसं तिथं भेटतात. ‘देवराई’ बघितलास का? २००४ मधला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा, त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. एखाद्या रविवारी बघ, पण एकटीनं नको. आणि रात्री जीव घाबरला तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, फुकट आहे. आजारी माणसानंच फोन करावा असं नाही, त्याच्या बहिणीनंही करावा.

आता वही घे. दादाचं आजचं वजन लिही. गोळी कधी सुरू झाली, डोस किती, कधी बदलला ते लिही. सिगारेट दिवसाला किती, झोप किती, हात थरथरतात का, तेही लिही. शेवटच्या ओळीत तुझा प्रश्न लिही, ‘ही गोळी पेशीपटलात शिरते म्हणतात, दादाच्या डोसला त्याची काळजी करायची का?’ डॉक्टरांसमोर तो मोठ्यानं वाच. लाजू नकोस, प्रश्न चांगला आहे. दादालाही सोबत ने आणि त्याला त्याचं बोलू दे. तोवर आज रात्रीची गोळी पूर्ण दे, नेहमीच्या वेळेला, पाण्याबरोबर. आणि ओपीडीतून बाहेर पडलीस की मला फोन कर, मी वाट बघते.